रजेच्या जागेवर

जुळे सोलापुरात पाण्याच्या टाकीपासून थोडं आत गेलं की एक तीन मजली इमारत आहे. तळमजल्यावर भाऊसाहेब राहतात, दुसऱ्या मजल्यावर मॅडम. भाऊसाहेबांनी एका अनुदानित माध्यमिक शाळेच्या कार्यालयात सगळी हयात काढली आणि ते मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले. मॅडम बी.एस्सी., बी.एड., टीईटी पास. आणि इतकं सगळं असून वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या रजेवर नोकरी करणाऱ्या. कुणाचं बाळंतपण, कुणाचं मणक्याचं ऑपरेशन, कुणाचं पोर दहावीला म्हणून काढलेली बालसंगोपन रजा. मूळ शिक्षक परतला की ह्या बाहेर. आसरा, होटगी रोड, विजापूर रोड, पूर्व भाग. शहरातल्या निम्म्या दिशांच्या शाळा त्यांनी अशा आतून पाहिल्यात.

मी पहिल्या मजल्यावर, दोघांच्या मधोमध. वाद ऐकायला याहून सोयीची जागा नाही. आमच्याकडे पाणी दिवसाआड सुद्धा येत नाही, आणि येतं तेव्हा वेळेवर येत नाही. त्यामुळे पाणी सुटायच्या रात्री मोटारीवर नजर ठेवत आम्ही तिघंही खाली कट्ट्यावर असतो. पुढचं बोलणं तिथलं आहे. एका रात्रीचं नाही. अनेक रात्रींचं मी सलग लावलंय.

भाऊसाहेब : मॅडम, एक सांगू? राग मानू नका. तुम्ही लई चांगलं शिकवताय, तेच चुकायलंय.

मॅडम : म्हणजे वाईट शिकवू?

भाऊसाहेब : वाईट कशाला? वर्ग सांभाळा. हजेरी घ्या, धडा वाचून घ्या, स्वाध्याय द्या, घंटा झाली की बाहेर. ज्या जागेवर माणूस नाही, तिथं माणूस नाही हे दिसू द्या की जरा. तुम्ही मन लावून शिकवता, म्हणून पालक तक्रार करत नाहीत. तक्रार नाही म्हणून संस्थेला घाई नाही. संस्थेला घाई नाही म्हणून वरच्या ऑफिसला घाई नाही. सगळ्यांचं निभतंय. न निभणाऱ्या एकट्या तुम्ही.

मॅडम : आणि ह्या वर्षी आठवीत बसलेल्या पोरांचं? त्यांनी भरती होईपर्यंत आठवीतच थांबायचं का?

पहिल्या दिवसापासून वाद इथेच येऊन अडतो. दोघंही आपापल्या जागी पक्के आहेत आणि दोघांकडे पुरावे आहेत. भाऊसाहेबांचे पुरावे जुने.

भाऊसाहेब : माझे वडील विष्णू मिलमध्ये बदली होते. सकाळच्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी गेटवर जाऊन उभं राहायचं. आत कोण आला नाही, कोण आजारी, कुणाच्या घरी लग्न, हे जॉबर, म्हणजे मुकादम, बघणार. मग बाहेर येऊन घोळक्यात बोट दाखवणार : तू, तू आणि तू. उरलेले घरी. ज्याच्याकडं बोट झालं तो त्या दिवशी दुसऱ्याच्या मागावर. जॉबरच्या घरी सणाला काय पोचलं, त्यावर बोट कुणीकडं वळणार ते ठरायचं. आणि कापड तसंच निघायचं बघा, कायमवाल्याचं निघतं तसंच. ठाणावर कुठं छापलेलं नसतं की हे बदलीवाल्यानं विणलंय.

मॅडम : पोरं म्हणजे कापडाचं ठाण नव्हे, भाऊसाहेब. पोरांना कळतं. वर्गात पाय ठेवला की पहिला प्रश्न, “तुम्ही किती दिवस हाय मॅडम?” दुसरा, “आमच्या मॅडम कधी येणारेत?” तिसरा प्रश्न विचारत नाहीत, करून बघतात. मागच्या बाकावरनं कोणीतरी मांजराचा आवाज काढतं.

सोलापूरची पहिली कापड गिरणी १८७७ सालची. पुढं नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या दारात बदली कामगारांचे घोळकेही. मुंबईत गिरणीमालक संघानं १९३५ मध्ये बदली कामगारांना कार्डं द्यायला सुरुवात केली, तेव्हा जॉबरच्या बोटावरचा कारभार थोडा तरी कागदावर आला. शाळेच्या दारात असा घोळका दिसत नाही, कारण तो घोळका फोनमध्ये असतो. बी.एड. झालेल्यांचे व्हॉट्सॲप गट आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यावर “विज्ञान, आठवी ते दहावी, सहा महिने, कुणी आहे का” असा संदेश पडतो, आणि दहा मिनिटांत दहाजण “इच्छुक” म्हणून उत्तर देतात.

मॅडमना पहिल्या दिवशी हजेरीचा धाक असतो. सोलापुरात नुसती आडनावं वाचली तरी तीन भाषा होतात. बिराजदार, हिरेमठ जमतं. येमूल, गुर्रम, चिलवेरी हेही आता जमतं. पण सुरुवातीला पूर्व भागातल्या एका शाळेत त्यांनी एक तेलुगू आडनाव असं काही वाचलं की वर्ग पाच मिनिटं हसत होता. तेव्हापासून हजेरीचं पुस्तक आदल्या दिवशी मागून घ्यायचं आणि शिपाईमामांसमोर बसून मोठ्यानं वाचायचं, हा त्यांचा शिरस्ता. मुख्याध्यापकांना विचारून उपयोग नसतो, असं त्या म्हणतात. शाळेतल्या पोराचं आडनाव, त्याच्या बापाचा धंदा आणि थोरल्या भावाचे पराक्रम फक्त शिपाईमामांना माहीत असतात.

मॅडम : तुम्ही म्हणता वर्ग सांभाळा. नुसता सांभाळायला गेलं तर तो सांभाळलाच जात नाही, हे तुम्हाला ऑफिसात बसून कळणार नाही. शिकवायला लागलं तरच गप्प बसतात. आठवीला ‘बल व दाब’ आहे. मी पुस्तक मिटून ठेवलं आणि विचारलं, मोटर न लावता तुमच्याकडं पाणी कितव्या मजल्यापर्यंत चढतं? झाली की सुरुवात. “मॅडम, पहाटे चढतंय, उजाडल्यावर चढत नाही.” “आमच्याकडं शेजारच्यांनी मोटर लावली की आमचा नळ सूं करतोय नुसता.” मग मी गृहपाठ दिला. पुढच्या पाण्याला एकच बादली घ्यायची, खालच्या नळाला किती सेकंदात भरते ते बघायचं, आणि जमलं तर वरच्या मजल्यावर तीच बादली. मोटर बंद ठेवून.

भाऊसाहेब : मोटर बंद ठेवून? पोरांच्या आयांनी काय केलं असेल तुमचं नाव घेऊन!

मॅडम : घेतलं असेल. पण आकडे आले. तीस-पस्तीस घरांचे. फळ्यावर आलेख काढला. टाकीच्या जवळची घरं, लांबची घरं, खालची, वरची. मग दहा मीटर उंच पाण्याचा स्तंभ म्हणजे जवळजवळ एका वातावरणाइतका दाब, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलोचा भार, हे वाक्य त्यांना पाठ करावं लागलं नाही. आपली टाकी खांबांवर का उभी केली, ते त्यांनीच मला सांगितलं. आणि एक पोरगा उठला : “मग मॅडम, टाकी अजून उंच बांधली तर सगळ्यांना पाणी येईल की!”

भाऊसाहेब : बरोबर बोलला.

मॅडम : चूक बोलला, पण काय छान चुकला! अख्खा तास त्यावर गेला. उंच टाकीत पाणी चढवायला वीज किती, जुने पाइप तेवढा दाब सोसतील का. शेवटी एक मुलगी म्हणाली, टाकीत पाणीच कमी येतंय तर टाकी उंच करून काय करणार. भीमेवरून, टाकळीहून उपसून पाणी येतं हे तिला ठाऊक होतं, तिचे वडील महापालिकेत होते. दाबाच्या धड्यातून आम्ही उजनीपर्यंत पोचलो. असा तास वर्षातून एखादा होतो, भाऊसाहेब. तो मी मुद्दाम वाईट घ्यायला हवा होता?

भाऊसाहेब : परीक्षेत त्यावर काय आलं?

मॅडम : परीक्षेला मी नव्हते.

एवढं बोलून त्या मोटार बघायला उठल्या. भाऊसाहेबांनीही पुढं काही विचारलं नाही. मूळ मॅडम दिवाळीनंतर हजर झाल्या. ह्यांनी कपाटाची किल्ली, तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा आणि कुठला धडा कुठवर झालाय त्याचा एक कागद त्यांच्या हातात दिला. पुढं त्या पोरांना किती मार्क पडले, ‘बल व दाब’ पुन्हा शिकवला की सोडून दिला, हे ह्यांना कुणी कळवलं नाही आणि कळवायचं कारणही नव्हतं. बदलीच्या माणसाला निकाल बघायला मिळत नाही. दहावीचा वर्ग घेतला असेल तर मे-जूनमध्ये पेपरात शाळेचं नाव शोधायचं, टक्केवारी वाचायची, आणि त्यात आपला वाटा किती याचा अंदाज आपला आपण करायचा.

निकोल्सन बेकर ह्या अमेरिकन लेखकानं मेन राज्यातल्या शाळांत २८ दिवस बदली शिक्षक म्हणून काम केलं आणि त्यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. ते २०१६ मध्ये निघालं. तिकडे सकाळी फोन येतो, की आज अमुक शाळेत या. मॅडमना मी हे सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या की आमच्यापैकी कुणी पुस्तक लिहिलं तर ते लिहायला संध्याकाळच्या क्लासच्या बॅचेस सोडाव्या लागतील, आणि घर बॅचेसवर चालतं.

आता भाऊसाहेबांची बाजू. ती त्यांच्याकडे तारीखवार असते; कारकुनाची स्मरणशक्ती ही शासन निर्णयाच्या क्रमांकानं चालते.

भाऊसाहेब : ऐका. २००० साली शिक्षणसेवक आणले. प्राथमिकला महिना ३००० रुपये, तीन वर्षं. पुढं ६००० केले, आणि त्या ६००० वर पोरं २०२२ सरेपर्यंत राबली. १ जानेवारी २०२३ पासून १६,००० झाले. मध्ये २ मे २०१२ ला भरतीच बंद केली. २०१७ ला भरतीसाठी पवित्र पोर्टल आलं. नाव बघा, पवित्र! ७ जुलै २०२३ चा निर्णय, जिल्हा परिषदेच्या शाळेत रिकाम्या जागी निवृत्त शिक्षक घ्या, महिना २०,०००. ५ सप्टेंबर २०२४ चा निर्णय, वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळेत दोनातला एक शिक्षक कंत्राटी, १५,०००. तारीख लक्षात घ्या, शिक्षक दिन! पुढं त्यात फेरफार झाले ते सोडा. त्याच वर्षी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. सहा महिने प्रशिक्षणार्थी, पदवी असेल तर १०,०००. आणि हे प्रशिक्षणार्थी कितीतरी शाळांत वर्गावर उभे. उलटा चढ बघा. निवृत्ताला वीस, कंत्राटीला पंधरा, प्रशिक्षणार्थ्याला दहा. प्रत्येक वेळी कुणीतरी तुमच्यासारखं मिळालं आणि वर्ग चालला. चालतोय म्हटल्यावर पुढच्या वेळी भाव खाली.

मॅडम : म्हणजे दोष माझा?

भाऊसाहेब : दोष नाही हो. तुमच्या चांगुलपणाचा भाव ठरवलाय कुणीतरी, एवढंच म्हणतोय. शिक्षण हक्क कायद्यात चक्क लिहिलंय, कुठल्याही शाळेत मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांवर पदं रिकामी ठेवायची नाहीत. कलम २६. आता दोनशिक्षकी शाळेत एक गेला की किती टक्के झाले?

मॅडम : पन्नास.

भाऊसाहेब : पन्नास! आणि तिथं कुणी तात्पुरतं उभं केलं की कागदावर ओरड संपली.

मॅडम : तुम्ही जिल्हा परिषदेचं सांगताय. आमच्याकडं तर रजेची जागा. ती जागा रिकामी नाही, त्या जागेवरची बाई दवाखान्यात आहे. तिनं सहा महिने यायचं नाही, हा तिचा हक्क. १८० दिवसांची बाळंतपणाची रजा आम्ही बायकांनीच मागितली ना? मग तिच्या पोरांना कुणीतरी शिकवणार की नाही? मी चांगलं शिकवलं म्हणून ती बाई घरी निश्चिंत राहते. मी वर्ग नुसता सांभाळला, तर शाळा पुढच्या वेळी लग्न झालेल्या मुलीला घेतानाच विचार करेल.

हा मुद्दा भाऊसाहेबांना नवा होता, असं मला वाटलं. सरकारनं न भरलेली जागा आणि रजेमुळं मोकळी पडलेली जागा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्या रागात त्या एकत्र झालेल्या असतात. रजेची जागा कितीही आदर्श व्यवस्था आली तरी राहणारच. माणसं आजारी पडतात, बायकांना मुलं होतात. अशा जागेवर येणारा माणूस चांगला असावा, त्याला बरा पगार मिळावा आणि तो गेल्यावर त्याची दखल राहावी, एवढीच काय ती सोय करायची असते. ती झालेली नाही. अनुदानित शाळेत अशा नेमणुकीला मान्यता मिळवायची तर प्रस्ताव एवढा फिरतो की मान्यता येईपर्यंत बाळ रांगायला लागलेलं असतं. म्हणून संस्था स्वतःच्या खिशातून काहीतरी देते. ते काहीतरी म्हणजे किती, हे मॅडमनी मला सांगितलंय आणि इथं लिहू नका असंही सांगितलंय.

मॅडम : स्टाफरूममध्ये एक सर नेहमी सांगतात, २४० दिवस भरा आणि कोर्टात जा.

भाऊसाहेब : ते २४० गिरणीतलं. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात बदली कामगाराची व्याख्याच होती. हजेरीपटावरच्या दुसऱ्या माणसाच्या जागी काम करतो तो बदली. पण त्याची एक वर्ष सलग सेवा झाली की ले-ऑफच्या भरपाईपुरतं तरी त्याला बदली मानायचं नाही. आणि सलग वर्ष म्हणजे बारा महिन्यांत २४० दिवस काम. माझ्या वडलांना हे पाठ होतं. गिरणीतल्या सगळ्यांना पाठ होतं. पण १९८८ साली सर्वोच्च न्यायालयात गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्याचा निकाल लागला. कोर्ट म्हणालं, शिक्षक हा त्या कायद्यातला कामगार नाही. शिकवणं हे थोर कार्य, ते अंगमेहनतीत बसत नाही, तांत्रिक कामात बसत नाही, कारकुनी कामात तर नाहीच.

मॅडम : म्हणजे तुम्ही कामगार, मी नाही.

भाऊसाहेब : मी कामगार. शाळेत मास्तर सोडून सगळे कामगार. तुम्ही थोर! तुम्हाला १९७७ चा खासगी शाळांचा कायदा आणि १९८१ चे नियम. त्यात तात्पुरत्या नेमणुकीच्या आदेशाचा नमुना छापलेलाय. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, अमक्याच्या रजेच्या जागेवर. मुदत संपली की वेगळी नोटीस नाही, सेवा संपली. मी किती टाइप केले असतील! नाव आणि तारखा बदलायच्या फक्त. तारखा पण कशा, ३० एप्रिलला संपतील अशा. मे महिन्याचा पगार कशाला द्या? जूनमध्ये तोच माणूस, नवा आदेश.

मॅडम : टाइप करताना काही वाटायचं नाही?

भाऊसाहेब : स्पेलिंग चुकू नये एवढं वाटायचं. मॅडम, आमच्या ऑफिसात वाटून घ्यायला बसलं असतं तर पगारबिलं निघाली नसती.

माझं मत विचाराल तर भाऊसाहेबांचा हिशेब बरोबर आहे आणि उपाय चुकलेला. जो काम करतो त्याचं काम दिसेनासं होतं आणि त्याच्या आडोशाला मोकळी जागा लपते, हे शंभर टक्के खरं. पण त्यासाठी सगळ्यात कमी पगाराच्या माणसानं मुद्दाम अर्धवट शिकवावं, म्हणजे सत्याग्रह त्यानं करायचा आणि उपास आठवीच्या पोरांना घडायचा. ज्यांच्या हातात खरंच काही होतं त्यांनी काय केलं? मार्च २०२३ मध्ये १४ तारखेपासून आठवडाभर राज्यातले सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर होते. मागणी जुन्या पेन्शनची, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांसाठी. मागणी रास्तच होती. पण पेन्शन मागायला आधी नोकरी लागते. रजेच्या जागेवरची माणसं त्या आठवड्यात कुठल्या बाजूला उभी राहणार होती? मॅडम घरी होत्या. शाळा बंद म्हणून त्या दिवसांचे पैसे कापले गेले.

मॅडमच्या बोलण्यातही मला एक गोष्ट खटकायची. ती भाऊसाहेबांनीच पुढं काढली, ते बरं झालं.

भाऊसाहेब : तुमचं सगळं मान्य. पण ती बाई रजेवरून परत येते तेव्हा काय होतं, ते मी बघितलंय. रात्री तान्हं पोर झोपू देत नाही. वर्गात आली की पोरं तोंडावर सांगतात, त्या मॅडम भारी शिकवत होत्या. सहा महिने पळणं सोपं असतंय. तुम्हाला बीएलओचं काम नाही, मतदार याद्या नाहीत, जनगणना नाही, पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा नाही, आधार जुळवायचं नाही, ऑनलाइन माहिती भरायची नाही. तुम्ही फक्त शिकवता.

मॅडम : तेच तर म्हणते मी! अख्ख्या शाळेत दिवसभर फक्त शिकवणारी मी एकटी असते. कायम माणूस शिकवायला नेमलेला आणि बाकीच्या कामाला जुंपलेला. मी कुठल्याच कामाची नाही, म्हणून शिकवते.

भाऊसाहेब : मग भारी कोण ठरलं?

मॅडम : (जरा थांबून) नाही, ते खरंय. पोरांनी असं म्हटलेलं मला आवडतं. आवडू नये, पण आवडतं. तिनं इतकी वर्षं शिकवलंय आणि अजून कितीतरी वर्षं शिकवायचंय. मी तिच्या वर्गात पाहुणी होते, आणि पाहुणा घरातल्या माणसापेक्षा गोडच वागतो.

जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसऱ्या कामाला लावायचं नाही, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं. पण ह्या तीन अपवादांत महाराष्ट्रातलं अर्धं वर्ष मावतं. त्यातून रोजचे ऑफ तास निघतात. सकाळी प्रार्थनेनंतर ऑफ तासांची वही फिरते, आज कोण कुठं गेलंय आणि त्याचे तास कुणावर. ह्या वहीत सगळ्यात जास्त वेळा चित्रकलेच्या आणि खेळाच्या शिक्षकांची नावं असतात. मुलांच्या दृष्टीनं ऑफ तास म्हणजे मैदान, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही.

सध्या मात्र स्टाफरूममध्ये मॅडमचा भाव वधारलाय. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त राहिलेल्या नोकरीतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी पास होणं बंधनकारक झालं.

मॅडम : ज्या सरांनी मला पहिल्या दिवशी खुर्ची दिली नव्हती, ते परवा बालमानसशास्त्राच्या नोट्स मागत होते. माझ्याकडं टीईटी आहे, नोकरी नाही. त्यांच्याकडं नोकरी आहे, टीईटी नाही.

भाऊसाहेब : दिल्या?

मॅडम : दिल्या की. झेरॉक्सचे पैसे घेतले.

भाऊसाहेबांना हे फार आवडलं. त्या रात्री पाणी नेहमीपेक्षा लवकर गेलं, मोटार बंद करून झाली, तरी ते उठेनात. जरा वेळानं म्हणाले, की वाईट शिकवा हे माझं म्हणणं मी मागं घेतो. म्हणजे तत्त्व म्हणून नाही, तुम्हाला जमणार नाही म्हणून. मग त्यांनी दुसरा सल्ला द्यायला घेतला, आणि तो द्यायला लागल्यावर ते एकदम ऑफिसात बसल्यासारखे झाले.

भाऊसाहेब : टाचण वही कुणाच्या नावावर लिहिता?

मॅडम : त्यांच्याच. चालू वही असते, पुढं लिहायचं.

भाऊसाहेब : लिहायचं नाही. नवी वही घालायची. वर तुमचं नाव, खाली ‘रजा कालावधी’ म्हणून तारखा. मुख्याध्यापकांची सही दर आठवड्याला. वह्या तपासता तिथं तुमची आद्याक्षरं, त्यांची नाहीत. घटक चाचणीच्या गुणपत्रकावर सही तुमची. शेवटच्या दिवशी किल्ली देता ना, तेव्हा जो कागद देता कुठवर शिकवलं त्याचा, त्याची पोच घ्यायची. जागा कुणी चालवली हे कागदावर राहिलं पाहिजे. कापडावर राहत नाही हे मी बघितलंय.

मॅडम : त्यानं काय होणार? मान्यता मिळणार?

भाऊसाहेब : नाही मिळणार. पण कुणी विचारलंच, की सहा महिने इथं कोण होतं, तर ‘व्यवस्था केली होती’ असं मोघम लिहून सुटता येणार नाही. माणसाचं नाव लिहावं लागेल. आणि अनुभवाचा दाखला. तो कसा घेता?

मॅडम : ते देतात तसा. ‘यांचे काम समाधानकारक होते.’

भाऊसाहेब : ते मीच लिहायचो. ‘समाधानकारक’ला काही किंमत नाही, सगळ्यांना तेच. विषय लिहून घ्या, इयत्ता लिहून घ्या, आठवड्याचे तास लिहून घ्या. कुणाच्या रजेवर ते लिहून घ्या. आणि जावक क्रमांक बघा. क्रमांक नसेल तर तो दाखला ऑफिसातनं गेलेलाच नाही, नंतर विचारायला गेलात तर कुणी ओळख देणार नाही.

मॅडम : मागचे तीन दाखले आहेत माझ्याकडं. क्रमांक आहे की नाही, बघितलंच नाही कधी.

भाऊसाहेब : उद्या घेऊन या खाली. कुठल्या शाळेत कोण क्लार्क आहे ते मला माहितंय. दोघं तरी फोन उचलतील.